पेशंट : राजदूत साडेतीनशे

"एक सलाइनचा सेट द्या. सुई नको, नुसती नळी."

शुक्रवारी रात्री साडेआठला मी नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये उभा होतो. पाठीवर ऑफिसची लॅपटॉप बॅग, अंगावर पुण्यापासूनची धूळ. मेडिकलवाल्याने चष्म्यावरून पाहिलं. "पेशंट कोण आहे?"

खोटं कशाला बोला? म्हटलं, "राजदूत. साडेतीनशे."

तो हसेल, नाहीतर हाकलून देईल असं वाटलं होतं. तो गंभीरपणे म्हणाला, "मग एका सेटवर कसं भागंल? तिला दोन कार्बोरेटर असतात की."

दोन सेट घेतले. पुण्यात आमच्या आयटी पार्कसमोरच्या चकाचक मेडिकलमध्ये हा संवाद झाला असता का, तुम्हीच सांगा.

गाडी माझ्या मामांची. लातूरची. राजदूत म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे दुधाचे कॅन लटकवलेली ती १७५ सीसीची ढमढम करणारी गाडी येते, नाहीतर 'बॉबी'मधली ती चिमुकली. ही त्यांतली नाही. यामाहाची आरडी-३५० एस्कॉर्ट्सने १९८३ पासून इथे 'राजदूत ३५०' या नावाने बनवली. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, दोन सायलेन्सर आणि दोन मिकुनी कार्बोरेटर. ज्या काळात लोक स्कूटर घेताना आधी अॅव्हरेज विचारायचे, त्या काळात ही बया पेट्रोल प्यायची आणि वाऱ्यासारखी पळायची. अर्थातच खपली नाही. दशक संपता संपता बंद पडली. मामांनी १९८५ ला घेतली आणि मामींच्या शब्दांत 'लग्नाच्या आधीचीच सवत' घरात आणली.

मामांनी ती का विकली नाही याचं एक कारण ते कधीच स्वतःहून सांगत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा उजाडल्या उजाडल्या एका डॉक्टरला मागे बसवून ते याच गाडीवर औशामार्गे किल्लारीकडे गेले होते. पुढचे चार दिवस ते फेऱ्याच मारत होते. एवढंच मला आईकडून माहीत आहे. त्यापुढचं कुणी विचारत नाही.

आता मुद्दा कागदाचा होता. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकीची ही फी दोन हजार झाली, पर्यावरण कर वेगळा. पैशाचं एक वेळ जमतं हो. पण गाडी स्वतः आरटीओत उभी राहिली पाहिजे, चालू पाहिजे, पीयूसी पाहिजे. मामांची गाडी दीड वर्षापासून धड आयडलवरही उभी राहत नव्हती. एक सायलेन्सर धुरकट, दुसरा गरम. मामींनी निकाल दिला होता, "या खेपेला पास झाली तर ठेवा. न्हाईतर पुण्याचा तो माणूस तीनदा फोन करलालाय, त्याला देऊन टाका." सोमवारी अपॉइंटमेंट होती. आठ दिवस आधी गाडी टेम्पोत घालून लातूरहून नांदेडला आणलेली. का? तर चाचा नांदेडला आहेत म्हणून.

चाचांचं गॅरेज देगलूर नाक्याकडे. गॅरेज म्हणजे एक शटर, एक कडुलिंब आणि जमिनीत मुरलेलं चाळीस वर्षांचं ऑइल. परभणी-हिंगोलीकडूनही लोक येझदी, बुलेट, आरएक्स घेऊन यायचे. चाचा कार्बोरेटरला हात लावायच्या आधी डोळे मिटून ऐकायचे. मग स्क्रूड्रायव्हर पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. "हौ, अब बोली." संपलं! मीटर नाही, गेज नाही.

मधल्या दिवाळीत चाचांनी एक येझदी ट्यून करून दिली आणि मालक दुसऱ्या दिवशी परत घेऊन आला. गाडी मिस मारतेय म्हणाला. चाचांनी ऐकलं. त्यांना काहीच चुकीचं वाटलं नाही. तिथे उभ्या असलेल्या चहावाल्या पोरालासुद्धा ते मिसिंग ऐकू येत होतं. "गाड़ी नई बेटा, मैं मिस मार रहा था," ते मला सांगत होते. उजवा कान गेलेला, डावा निम्मा. कानाचं मशीन घेतलंय, पण ते इंजिन आणि शेजारचं वेल्डिंग एकाच आवाजात ऐकवतं.

म्हणजे बघा, गाडी तीच, मेकॅनिक तोच, आणि मुख्य हत्यारच हरवलेलं.

सिंगल कार्बोरेटरवाल्या गाडीचं एक वेळ निभतं. इथे दोन. एकाच अॅक्सिलरेटर केबलचे दोन फाटे फुटतात आणि दोन स्लाइड उचलतात. बैलजोडीसारखं आहे हे. एक बैल ओढतोय आणि दुसरा अंगचोर असेल तर गाडी चालते, पण जू तिरकं होतं आणि ओढणारा मरतो. दोन्ही सिलिंडरना सारखी हवा, सारखं पेट्रोल मिळालं पाहिजे. हे मोजायची हत्यारं जगात आहेत. ब्रिटनमध्ये कलरट्यून नावाचा काचेचा स्पार्क प्लग निघाला, त्यातून आतली ज्योतच दिसते. निळी म्हणजे ठीक, पिवळट-नारिंगी म्हणजे पेट्रोल जास्त. दोन-चार नळ्यांचे व्हॅक्यूम गेजही मिळतात. मी पुण्यात बसून किमती पाहिल्या, त्यात कुरिअर आणि कस्टम ड्यूटी मिळवली आणि गुपचूप टॅब बंद केली. आपल्याकडच्या दुकानांत शोधावं तर २०२० च्या बीएस-सिक्सनंतर नव्या गाड्या जवळपास सगळ्याच फ्युएल इंजेक्शनच्या. नांदेडच्या पोरांकडेही आता स्कॅनर आहेत. स्कॅनर लावायला राजदूतला जागाच नाही!

म्हणून सलाइन.

शनिवारी सकाळी सातला मी चाचांसमोर हजर. आधी साफसफाई. मी शहाणपणा करून जेटचं भोक साफ करायला टाचणी घेतली आणि हातावर फटका बसला. जेट पितळेचा, टाचणी स्टीलची. पितळ मऊ, भोक साफ होत नाही, मोठं होतं, आणि मग ते सेटिंग जन्माचं गेलं. चाचा वायरीतली तांब्याची एक बारीक तार वापरतात, मोठ्या भोकाला खराट्याची हीर. तार किती जाडीची हे कळायला मायक्रोमीटर लागत नाही. पेन्सिलीवर दहा वेढे चिकटून घ्यायचे, कंपासपेटीतल्या पट्टीने मोजायचे, भागिले दहा. जी तार भोकातून जेमतेम जाते तो भोकाचा आकार. मी इंजिनिअरिंगची चार वर्षं याच शहरात, विष्णुपुरीला काढली. ही युक्ती मला तिथे कळली नाही हो.

फ्लोटची उंची मोजायला व्हर्निअर लागतो म्हणतात. चाचांच्या डब्यात मुदत संपलेली एटीएम कार्डं आहेत, कात्रीने पायऱ्यांसारखी कापलेली. प्रत्येकावर मार्करने लिहिलंय : येझदी, आरएक्स, बुलेट. कार्बोरेटर उलटा धरायचा, कार्ड टेकवायचं, फ्लोट पायरीला लागला की झालं. राजदूत साडेतीनशेचं कार्ड एका बंद पडलेल्या पतसंस्थेचं निघालं. "बँक डूब गई, कार्ड काम आ रहा," चाचा म्हणाले. स्क्रूड्रायव्हरसुद्धा खास. मिकुनीचे चौफुली स्क्रू जपानी मापाचे असतात, आपला नेहमीचा स्टार त्यांच्यात पूर्ण बसत नाही आणि खाच खाऊन टाकतो. चाचांनी टोक ग्राइंडरवर घासून बुटकं केलंय.

मग ड्रिल बिट. एकाच मापाचे दोन बिट घ्यायचे, एकेका कार्बोरेटरच्या तोंडात स्लाइडखाली सरकवायचे आणि दोन्हीकडचे आयडल स्क्रू असे लावायचे की बिट जेमतेम धरून राहतील. आता मूठ हळूच पिळायची. दोन्ही बिट एकाच क्षणी खाली पडले पाहिजेत. खाली स्टीलची ताटली. 'टण्' एकदाच यायला हवं. आमचं पहिल्यांदा आलं 'टण्... टण्.' ते मला ऐकू आलं. चाचांनी ते पाहिलं. केबलचं अॅडजस्टर अर्धा फेरा, पाव फेरा, परत. नवव्यांदा दोन्ही एकदम पडले, तेव्हा चाचांनी मान हलवली.

पण हे बंद गाडीचं झालं. चालू गाडी खरं बोलते. पूर्वी अशा वेळी चाचा रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी आणि एक कानाशी धरून दोन्हीकडची 'सूऽऽ' जुळवायचे. डॉक्टरसारखं. आता ती नळी खुंटीवर होती.

तिच्याऐवजी आली गवंड्याची नळी. घर बांधताना दोन भिंतींची लेव्हल बघायला गवंडी पारदर्शक लांब नळीत पाणी भरतात, ती. गल्लीत स्लॅबचं काम चालू होतं, तिथून आणली, एका दिवसाच्या बोलीवर. पाण्याऐवजी आम्ही भरलं हिरवं टू-टी ऑइल, कारण चुकून इंजिनने ओढलंच तर ते तिच्याच पोटातलं आहे, जळून जाईल. नळी शटरवर खिळ्यांना 'यू'सारखी टांगली. आरडीच्या दोन इनटेकना जोडणारी एक छोटी आडवी नळी असते. ती काढली आणि त्या दोन तोटींना आमच्या 'यू'ची दोन टोकं लावली, मध्ये सलाइनच्या नळ्या. सलाइनच का? तर ती फिरकी. टू-स्ट्रोक इंजिन हवा धक्क्याधक्क्याने ओढतं, ऑइल नाचत राहतं, वाचता येत नाही. पेशंटला थेंब कमी-जास्त करायची जी फिरकी असते, ती आवळली की नाच थांबतो आणि नुसती पातळी राहते. ही आयडिया माझी, असं मी चारचौघांत सांगतो. खरं म्हणजे लातूरला नीटची दुसरी अटेम्प्ट देणाऱ्या मामेबहिणीची आहे.

मी फिरकी आवळायला विसरलो. किक मारली आणि हिरवं ऑइल सर्रकन चढून डाव्या सिलिंडरमध्ये. अख्ख्या गल्लीत पांढरा धूर! समोरच्या मावशींनी खिडक्या लावत ओरडून विचारलं, "डासाची फवारणी आली का वो?" चाचा खोकत खोकत हसत होते.

दुसऱ्यांदा नीट केलं. ऑइल डावीकडे चार बोटं वर. ज्या बाजूला ओढ जास्त तिकडे पातळी चढते, आणि ओढ जास्त म्हणजे तिकडची स्लाइड जास्त बंद. डावा आयडल स्क्रू पाव फेरा आत. पातळी उतरली. उजवा किंचित बाहेर. चाचा नळीकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. दोन्ही रेषा एका सरळ आल्या तेव्हा त्यांनी आणखी एक गोष्ट केली. उठले, गाडीच्या मागे जाऊन बसले आणि दोन्ही सायलेन्सरच्या तोंडाशी एकेक तळहात धरला. बराच वेळ. "बराबर," म्हणाले. मग म्हणाले, "कान का क्या भरोसा. पाइप झूट नई बोलता."

चहा पिताना मात्र ते चिडचिडले. कानाचं दुःख त्यांनी पचवलंय, पेट्रोलचं नाही. एअर स्क्रू दीड फेरा, नीडलची क्लिप मधल्या खाचेत, असली सेटिंगं त्यांना वर्षानुवर्षं पाठ. आता तीच लावली की गाडी गरम. मी त्यांना हिशेब मांडून दाखवला. एक किलो पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. पंपावर आता मिळणाऱ्या ई-२० मध्ये वीस टक्के इथेनॉल, म्हणजे हिशेब येतो साडेतेराच्या आसपास. नव्या गाडीचा कॉम्प्युटर सेन्सरवरून हे ओळखतो आणि पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटर आंधळा. भोक तेवढंच, त्यामुळे मिश्रण सात-आठ टक्के पातळ. टू-स्ट्रोकमध्ये पातळ मिश्रण म्हणजे उष्णता, पिस्टन फुगतो आणि चालत्या गाडीत इंजिन पकडतं. वरून इथेनॉल पाणी शोषतं, दोन महिने उभ्या गाडीच्या फ्लोटखाली गढूळ थर बसतो. यावर उपाय थोडा मोठा मेन जेट. व्यासात चारेक टक्क्यांनी.

गंमत अशी, की हे इथेनॉल येतं कुठून? बरंचसं आपल्याच उसातून. ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यात उसाचे कारखाने उभे आहेत. म्हणजे मामांच्या गाडीचा घसा आमच्याच शिवारातल्या उसाने सुकवलाय, असं म्हणायला हरकत नाही. असो. हा विषय काढला की मामांकडे जेवण थंड होतं.

चाचांनी डब्यातून दोन मेन जेट काढले, तारेने मोजले, बसवले. एक नंबर वरचे आणखी दोन कागदात बांधून माझ्या खिशात घातले. "रास्ते में प्लग देखना."

रविवारी पहाटे निघालो. नांदेड-लातूर सुमारे एकशे चाळीस किलोमीटर. लोहा ओलांडलं, मग माळेगाव. खंडोबाच्या यात्रेत इथे घोड्यांचा बाजार भरतो आणि लोक घोड्याचा जबडा उघडून दात बघून वय ठरवतात. मी तिथेच, रिकाम्या माळाच्या कडेला, राजदूतचे दात बघितले. म्हणजे असं : रस्ता मोकळा बघून दोनेक किलोमीटर फुल थ्रॉटल, मग तशीच इग्निशन बंद, क्लच दाबून कडेला आणि प्लग बाहेर. बिस्किटी तपकिरी रंग म्हणजे छान, काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे सावधान. उजवा बिस्किटी. डावा पांढुरका.

सांगतो, पोटात गोळा आला. बोर्ड मीटिंगमध्ये प्रोजेक्टर बंद पडतो तेव्हाचा नाही, खरा. असंच पुढे गेलो असतो तर अहमदपूरच्या घाटात मागचं चाक जागेवर थांबू शकलं असतं. चाचांच्या बुटक्या स्क्रूड्रायव्हरने डावा कार्बोरेटर रबरात फिरवला, चार स्क्रू, फ्लोटची वाटी खाली, बोटं भाजत, हातावर पेट्रोल. वरच्या नंबरचा जेट बसवला. एक मेंढपाळ शेजारी बसून सगळं बघत होता, त्याने शेवटी एकच विचारलं, "किती देती?" अॅव्हरेज! मी खरं सांगितलं. तो उठून गेला.

पुढचा प्लग अहमदपूरच्या पलीकडे काढला. दोन्ही बिस्किटी. लातूर नांदेडपेक्षा अडीचशे मीटरहून जास्त उंचावर आहे, वर हवा किंचित विरळ, त्यामुळे तिथे मिश्रण थोडं जाडच होणार. या वेळी ते आमच्या पथ्यावर पडलं.

सोमवारी सकाळी पीयूसी. आणि इथे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात भारी हत्यार सापडलं, ज्याला मी आजवर नुसता सरकारी जाच समजत होतो. पीयूसीवाल्याचं मशीन म्हणजे गॅस अॅनालायझर. धुरातला कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत सांगतं. या गाडीला दोन स्वतंत्र सायलेन्सर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचं वेगळं मार्कशीट!

"एका गाडीच्या दोन पीयूसी?" तो म्हणाला.

"एकच. पण दोनदा मोजा. चहा माझ्याकडून."

२००० पूर्वीच्या दुचाकीला मर्यादा साडेचार टक्के. उजवा ३.४. डावा ४.३. पास झालो असतो. पण दोन दिवस नळीकडे बघून सवय लागली होती. डाव्याचा एअर स्क्रू पाव फेरा बाहेर, हवा जास्त. ३.९. आणखी थोडा. ३.६. पीयूसीवाला आता चहा विसरून वाकून बघत होता. "अजून जरासा घ्या," तोच म्हणाला. ३.५.

मामा तिथवर रिक्षाने आले होते. गुडघे गेलेत, आता ते गाडी स्टँडवरून काढू शकत नाहीत. काही बोलले नाहीत. मागे गेले, काठी टेकून वाकले आणि दोन्ही सायलेन्सरपाशी तळहात धरले. मी चाचांबद्दल अजून काही सांगितलेलंच नव्हतं. "डावा जरा मागं हाय," म्हणाले. मशीनकडे बोट दाखवलं तर म्हणाले, "मशीनला काय कळतंय? चाळीस वर्षं डावा मागंच हाय तिचा. तसाच राहू दे."

आरटीओत दीड तास गेला. इन्स्पेक्टरने चेसिस नंबर पाहिला, हॉर्न वाजवायला लावला, इंडिकेटर पाहिले, गाडी चालू करायला सांगितली. पहिल्या किकला लागली. आयडलवर उभी राहिली. त्याने कागदावर सही केली आणि मग पेन खिशात ठेवून विचारलं, "विकायची आहे का?"

"नाही," मामा आणि मी एकदम बोललो. मामींना हे कळलेलं नाही.

बाहेर येऊन चाचांना फोन लावला. त्यांना फोनवर काही ऐकू येत नाही, तेव्हा गॅरेजमधल्या पोराने घेतला. मी आकडे सांगितले, तो ओरडून त्यांना सांगत होता : "तीन पॉइंट चार! तीन पॉइंट पाच!" पलीकडे बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं. मग पोरगा परत फोनवर आला.

"चाचा बोलतायत ते जाऊ द्या. तुम्ही पाइप कुठं नेला? गवंडी सकाळपासून इथं बसलाय. आज स्लॅब हाय त्याचा."

मी पाठीवरची बॅग उघडून पाहिली. लॅपटॉपच्या चार्जरला गुंडाळलेली ती नळी आतच होती, आणि चार्जर हिरवा झालेला.